साबुकंदाची रोपं बाटलीत तयार करायचीत? आधी वाट ठरवा, मग ब्लेड हातात घ्या

कसावा, टॅपिओका, साबुकंद, नावं तीन पण झाड एकच. आमच्या डिचोली-सत्तरीकडे कंद म्हटलं की सुरण, कोनफळ, कणगां आठवतात, साबुकंदाचं नाव पटकन कोण घेत नाही, पण एकादशीच्या खिचडीतून तो आपण गुपचूप खातच असतो कारण आपला साबुदाणा ह्याच कंदाच्या पिठाचा, आणि बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. गोव्यात आलेल्या केरळी कुटुंबांच्या परसात मात्र हमखास चार झाडं दिसतात, उकडलेला कप्पा, म्हणजे हाच कंद, आणि माशाचं कालवण. माझं पहिलं मदर प्लांटसुद्धा, म्हणजे ज्यावरून रोपं करायची ते मूळ झाड, अशाच एका शेजारच्या चेचीनं कोयत्यानं तोडून दिलेली काठी होती.

मी एका छोट्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करतात तिथं, काम करतो, दिवसभर केळी आणि ऑर्किड, साबुकंद हा आवडीचा उद्योग. पहिल्या वर्षी मी सरळ पान कापून कॅलस, म्हणजे आकार नसलेल्या पेशींचा गोळा, करायला बसलो, आठ महिने घालवले, आणि मग कळलं की मला जे हवं होतं, म्हणजे एका चांगल्या जातीची निरोगी रोपं, त्याला कॅलसची गरजच नव्हती. तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मुळात बाटली कशाला

हे झाड काठीवर लागतं त्यामुळे लागवड सोपी, पण वर्षाला एका झाडापासून साधारण दहाच काठ्या मिळतात. नवीन जात शेतापर्यंत न्यायला त्यामुळे वर्षं जातात. दुसरं म्हणजे काठीबरोबर रोगही जातो. मोझॅक हा ह्या पिकाचा मोठा शत्रू, पानं वेडीवाकडी, पिवळे-हिरवे डाग, पांढरी माशी तो पसरवते, आणि आपल्याकडे त्यामागे दोन व्हायरस आहेत, इंडियन कसावा मोझॅक आणि श्रीलंकन कसावा मोझॅक. एकदा झाडात गेला की काठीतून पुढच्या पिढीत जातच राहतो. तिसरं ब्रीडिंगचं दुखणं: सगळ्या जाती जनुकांच्या बाबतीत भेसळ, बी पेरलं तर एकही पोर आईसारखं निघत नाही, फुलं कधी येतात कधी येत नाहीत, फळात बिया फक्त तीन. म्हणून चांगल्या जातीत एकच गुण बदलायचा असेल तर क्रॉसपेक्षा पेशीपासून झाड उभं करणं ब्रीडरला परवडतं.

आता वाटा तीन आहेत. नुसती संख्या वाढवायची असेल तर डोळ्याचा तुकडा, म्हणजे नोडल कल्चर. व्हायरस काढायचा असेल तर शेंड्याचं मेरिस्टेम, म्हणजे अगदी टोकाचा वाढणारा बारीक भाग. आणि म्युटेशन करायचं असेल, जीन घालायचा किंवा एडिट करायचा असेल, तरच कॅलस आणि सोमॅटिक एम्ब्रियो, म्हणजे बी न होता साध्या पेशींपासून तयार होणारा गर्भ. पहिल्या दोन वाटांनी झाड जसं आहे तसंच राहतं. तिसऱ्या वाटेनं बदल होतो, तुम्हाला हवा तोही आणि नको तोही. ह्याचं जबरदस्त उदाहरण २०१६ मध्ये आलं: आफ्रिकेतल्या ज्या जातींत मोझॅकला तोंड देणारी सीएमडी२ नावाची प्रतिकारशक्ती आहे, त्या सोमॅटिक एम्ब्रियोच्या वाटेनं परत उभ्या केल्या की ती प्रतिकारशक्ती गायब झाली, आणि त्याच जाती डोळ्यांवरून वाढवल्या तर शाबूत राहिली. पुढं २०२२ मध्ये ही प्रतिकारशक्ती डीएनए पॉलिमरेजच्या, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाच्या, एका जीनमधल्या बदलाशी जोडली गेली. म्हणजे बघा, बाटलीत रोप हिरवंगार, मुळं मस्त, आणि ज्या गुणासाठी जात निवडली तोच गेलेला. हे वाचलं तेव्हा मी माझ्या जुन्या कॅलसच्या प्लेटी टाकून दिल्या, जरा रडूच आलं.

खोली, पाऊस आणि माइट्स

गोव्यात टिश्यू कल्चर करायचं म्हणजे जून ते सप्टेंबर बुरशीशी युद्ध. पुस्तकातल्या प्रोटोकॉलमध्ये हे कोणी लिहीत नाही. हवेत एवढा ओलावा असतो की कापसाचे बोळे दमट होतात आणि बुरशी त्यातून सरळ आत उतरते. पावसात कापूस बंद, पॉलिप्रॉपिलीनची झाकणं आणि वरून क्लिंग फिल्मचा एकच वेढा. एकच का, तर बाटली अगदी हवाबंद केली की आत इथिलीन वायू साठतो आणि साबुकंद त्याला फार नाजूक, खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. बाटलीत जर बुरशी एका ओळीत टिंबटिंब दिसली तर समजा माइट (कोळ्याच्या जातीचा बारीक किडा) चालत गेलाय, तो एका बाटलीतून दुसरीत जातो आणि पायाला बुरशी घेऊन जातो, अशा वेळी ती एकटी बाटली काढून उपयोग नाही, शेजारच्या सगळ्या न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) टाका आणि रॅक स्पिरिटनं पुसा.

लॅमिनार, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं टेबल, असेल तर कामाआधी वीस मिनिटं चालू ठेवा. हाताला स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत दिवा पेटवू नका, हसण्यावारी नेऊ नका, माझ्या हाताचे केस जळलेत. ग्रोथ रूम २६ ते २८ अंश, १६ तास उजेड ८ तास अंधार, साध्या एलईडी ट्यूब चालतात. लाईट जाते त्याची तयारी ठेवा. आणि चवथीला लॅब पाच-सहा दिवस बंद राहणार म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका! बटाट्याच्या बाटल्या थंडीत टिकतात म्हणून मी हे केलं होतं, साबुकंद उष्ण प्रदेशातला, चार अंशाला काळा पडून मेला. कोलंबियातल्या सिआट ह्या शेती संशोधन संस्थेत हजारो जाती बाटलीत सांभाळतात, त्यासुद्धा २३-२४ अंशाला, फ्रिजमध्ये नाही.

मीडियम

मीडियम म्हणजे बाटलीतल्या रोपाचं खाणं. पाया एमएस, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग ह्यांचं १९६२ चं मीडियम. रेडीमेड पावडर घ्या, व्हिटॅमिनसकट असलेली लिटरला साधारण ४.४ ग्रॅम पडते पण पाकिटावरचं वजनच खरं माना. साखर २० ग्रॅम. पीएच ५.८. अगार ७ ते ८ ग्रॅम, किंवा जेलन गमवाली पावडर असेल तर २ ते २.५ ग्रॅम. १२१ अंशाला, १५ पाउंड प्रेशरला १५ ते २० मिनिटं. घरचा मोठा कुकर चालतो, फक्त आधी वाफ नीट बाहेर येऊ द्या आणि मगच शिटी ठेवा, आत हवा राहिली तर प्रेशर दिसेल पण तापमान तेवढं होणार नाही.

साबुकंदाची एक खास गंमत म्हणजे तांबं. कॉपर सल्फेट २ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, एमएसमध्ये आधीच असतं त्याच्या वीसपट. एवढुसं वजन काट्यावर होणार नाही, म्हणून ५० मिग्रॅ १०० मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातलं लिटरला १ मिलि घाला. बीएपी आणि पिक्लोरॅम ही हॉर्मोनसारखी काम करणारी रसायनं सरळ पाण्यात विरघळत नाहीत, आधी थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून विरघळवायचं आणि मग पाणी, १ मिलिमध्ये १ मिग्रॅ असा स्टॉक करा म्हणजे हिशेब तोंडी होतो. पिक्लोरॅम हे मूळचं तणनाशक आहे, ग्लोव्हज घाला आणि उरलेलं बागेत ओतू नका.

मदर प्लांट आणि धुणं

शेतातून तोडून आणलेला शेंडा थेट बाटलीत घालू नका, आत बसलेले बॅक्टेरिया पंधरा दिवसांनी दुधासारखे पसरतात. पक्व काठीचे १५-२० सेंमीचे तुकडे करा, कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा, रेती आणि कोकोपीट भरलेल्या कुंडीत छपराखाली लावा, पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. तीन-चार आठवड्यांत कोवळे फुटवे येतात, तेच वापरायचे. व्हायरस काढायचा असेल तर ह्याच कुंड्या तीन-चार आठवडे ३५ ते ३८ अंशाच्या गरम जागी ठेवतात, गरमीत व्हायरसची वाढ मंदावते आणि शेंड्याचं टोक त्याच्यापुढं निघून जातं.

फुटवा कापला की पांढरा चीक येतो. तो सुकला की तुकड्यावर चिकटून बसतो आणि औषध आत पोचत नाही, म्हणून कापल्या कापल्या पाण्यात. मग नळाखाली अर्धा तास, साबणासारखं काम करणारं ट्वीन-२० दोन थेंब घालून हलवा, ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, आणि मग ब्लीच. बाजारातलं सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ टक्क्यांचं असतं, एक भाग ते आणि तीन भाग पाणी, दहा मिनिटं. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर त्यात दम नसतो, नवीन आणा. शेवटी निर्जंतुक पाण्यानं तीन-चार वेळा. काही लोक मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, काम चोख करतं पण पारा आहे, ते पाणी शेवटी आपल्याच विहिरीत जाणार, मी नाही वापरत.

डोळ्यावरून रोप

सगळ्यात सोपी आणि माझ्या मते दहातल्या आठ जणांना पुरेशी वाट. एक डोळा असलेला एक-दीड सेंमीचा तुकडा, पान काढलेलं, देठाचा अर्धा सेंमी ठेवलेला. खालचं टोक खाली, डोळा मीडियमच्या वर. उलटा खोचला तर वाट बघत बसाल. मीडियम साधं एमएस, हॉर्मोनशिवाय चालतं, काही जाती हट्टी असतात त्यांना बीएपी, एनएए आणि जिबरेलिक ॲसिड अगदी चिमूटभर, लिटरला ०.०२ ते ०.०५ मिग्रॅ. आठवड्यात डोळा हलतो, दोन आठवड्यांत मुळं, चार-पाच आठवड्यांत चार-पाच नवे डोळे. महिन्याला नुसती चौपट धरली तरी पाच सबकल्चरनंतर, म्हणजे तुकडे करून नव्या बाटलीत लावायच्या पाच फेऱ्यांनंतर, एकाची १,०२४ होतात. दहा काठ्या आठवा आणि हे बघा.

मेरिस्टेम

इथं स्टीरिओ मायक्रोस्कोप आणि शांत डोकं लागतं. शेंड्यावरची छोटी पानं एकेक करून सोला, चकाकणारा घुमट दिसला की तो एक-दोन कोवळ्या पानांच्या कोंभांसकट कापा, लांबी ०.३ ते ०.५ मिमी. मोठा घेतला तर जगतो पण व्हायरस सोबत येतो, लहान घेतला तर स्वच्छ पण बहुतेक मरतो, ह्या दोघांच्या मध्ये कुठंतरी थांबायचं. पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा तो सुकतो, म्हणून कापला की सेकंदात मीडियमवर. मीडियम वरचंच, हॉर्मोन चिमूटभर घातलेलं. पहिला आठवडा मंद उजेड. दीड-दोन महिन्यांनी रोप होतं आणि मग त्याची पीसीआर, म्हणजे व्हायरस शोधणारी टेस्ट, करून घ्यायची, पान स्वच्छ दिसतंय म्हणून व्हायरस नाही असं नसतं, आणि एक टेस्ट बाटलीत असताना तर दुसरी हार्डनिंगनंतर, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावल्यावर.

कॅलस आणि एम्ब्रियो, म्हणजे खरं रीजनरेशन

साबुकंदात सोमॅटिक एम्ब्रियो पहिल्यांदा १९८२ मध्ये स्टॅम्प आणि हेन्शॉ ह्यांनी दाखवले. १९९६ मध्ये दोन मोठ्या गोष्टी झाल्या, एक म्हणजे सुटसुटीत दाणेदार कॅलस, आणि दुसरी एम्ब्रियोच्या बीजपत्रापासून थेट फुटवा. आज जगभर लॅबमध्ये जे करतात ते फिरून फिरून ह्याच दोन गोष्टी. सरावासाठी टीएमएस ६०४४४ ही आफ्रिकन जात सगळे वापरतात कारण ती कॅलस पटकन देते, आपल्याकडच्या जाती तेवढ्या समजूतदार नाहीत, त्यामुळे कागदावरचे आकडे जुळले नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका.

सुरुवात बाटलीतल्याच निर्जंतुक रोपापासून. एकतर शेंड्याची २ ते ६ मिमीची न उमललेली पानं घ्या, नाहीतर डोळ्याचे तुकडे लिटरला बीएपी १० मिग्रॅ (पुढचे आकडेही लिटरलाच) असलेल्या एमएसवर आडवे ठेवा, चार ते सात दिवसांत डोळे फुगतात, ते फुगलेले डोळे सुईनं उचलून घ्या. मला डोळ्यांचा अनुभव जास्त चांगला, पानं लवकर तपकिरी पडतात. हे सगळं आता इंडक्शन मीडियमवर: एमएस, साखर २० ग्रॅम, तांबं २ मायक्रोमोलर, पिक्लोरॅम १२ मिग्रॅ. २८ अंश, अंधार. दोन ते चार आठवड्यांत दोन प्रकारचा माल दिसतो. एक पांढरा, मऊ, पाणीदार, कापसासारखा, तो कचरा. दुसरा पिवळसर, घट्ट, छोट्या छोट्या गाठींचा, तो सोनं. सुईनं फक्त सोनं वेचा. हे वेचणं नजरेचं काम आहे, आई तांदळातले खडे काढते तसं, लिहून शिकवता येत नाही, पन्नास प्लेटी बघितल्या की येतं.

वेचलेला माल जीडी मीडियमवर, म्हणजे ग्रेशॉफ आणि डॉय ह्यांचं मीडियम, त्यातही पिक्लोरॅम १२ मिग्रॅ. दर तीन आठवड्यांनी नव्या प्लेटीवर, प्रत्येक वेळी फक्त चांगला भाग. दोन-तीन फेऱ्यांनंतर भिजवलेल्या जाड रव्यासारखा, हात लावला की सुटणारा फिका पिवळा कॅलस मिळतो. गॅमा किरणांचं म्युटेशन, ॲग्रोबॅक्टेरियम (पेशीत जीन नेऊन घालणारा बॅक्टेरिया), जीन एडिटिंग, जे काय करायचं ते ह्या टप्प्यावर. परकीय जीन घालायचा असेल तर संस्थेची बायोसेफ्टी कमिटी आधी आणि शेतात नेण्याआधी जीईएसी ह्या केंद्र सरकारच्या समितीची परवानगी, हे घरगुती प्रयोगाचं काम नाही.

कॅलस म्हातारा होऊ देऊ नका. जेवढा जुना तेवढी गुणसूत्रांची गडबड जास्त आणि रोप होण्याची ताकद कमी, माझी मर्यादा सहा महिने, त्यानंतर नवीन सुरुवात.

आता एम्ब्रियो. कॅलसचे छोटे ढीग एनएए १ मिग्रॅ असलेल्या एमएसवर, उजेडात. पिक्लोरॅम काढलं म्हणजे पेशींना वाढत राहा हा हुकूम काढला, आता त्यांना आकार घ्यायची मोकळीक. दर दोन-तीन आठवड्यांनी ताजं मीडियम, हळूहळू हिरवी बीजपत्रं वर येतात, अगदी चवळीचा मोड आल्यासारखी दिसतात, आणि तो दिवस लॅबमध्ये चहाबरोबर भजी मागवायचा दिवस. हिरवी झाली की बीएपी ०.४ मिग्रॅ आणि तांबं असलेल्या एमएसवर, दोन ते चार आठवड्यांत शेंडा फुटतो. फुटला की साध्या एमएसवर, मुळं आपोआप.

पण बऱ्याचदा शेंडा फुटतच नाही. मुळं येतात, बीजपत्रं जाडजूड होतात आणि गाडी तिथंच अडते. तेव्हा टाकून देऊ नका, हिरवी बीजपत्रं कापून अर्ध्या सेंमीचे तुकडे करा आणि बीएपी १ मिग्रॅ अधिक आयबीए हे हॉर्मोन ०.५ मिग्रॅ असलेल्या एमएसवर ठेवा, कापलेल्या कडेतून थेट फुटवे येतात. माझी अर्धी रोपं ह्या मागच्या दारानंच आलीत.

एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून: कॅलसचा प्रत्येक वेगळा ढीग म्हणजे वेगळी लाईन, तिला नंबर, आणि तिची रोपं दुसऱ्या ढिगात मिसळायची नाहीत. पेननं झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात, बाटलीच्या काचेवर लिहा.

हार्डनिंग

इथं लोक सगळं घालवून बसतात. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नसतो, बाहेर काढलं की तासाभरात मान टाकतं. मुळं कोमट पाण्यात धुऊन अगार पूर्ण काढा, राहिला तर बुरशी लागते, मुळं ठिसूळ असतात म्हणून ओढू नका. कोकोपीट आणि वाळू सम भाग, आधी वाफवलेलं, छोटे कप, वर पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास उलटा. पहिले पाच-सहा दिवस ग्लास काढायचा नाही, मग रोज थोडा वेळ, दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण. ५० टक्क्यांची शेडनेट. गोव्याचा पाऊस इथं मात्र आपला मित्र, जुलैत काढलेली रोपं मार्चमधल्यांपेक्षा निवांत जगतात, फक्त पावसाचं पाणी थेट कपात पडू देऊ नका नाहीतर मुळं कुजतात.

रोप तेच आहे का

कॅलसवरून आलेल्या प्रत्येक लाईनची तपासणी. मुळाच्या टोकात गुणसूत्रं मोजा, ३६ हवीत. जमलं तर एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा, लावून मूळ जातीशी ताडून बघा. आणि जात मोझॅकला दाद न देणारी असेल तर ती अजून दाद देत नाही ना, हे कलम करून किंवा पांढरी माशी सोडून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, २०१६ ची गोष्ट आठवा.

बाटलीतून आलेल्या झाडाच्या पहिल्या पिकावर उत्पन्न ठरवू नका. ते झाड लहान, मुळांची ठेवण वेगळी, त्याचे कंद बघून लाईन नापास केली तर तिच्यावर अन्याय होतो. पहिल्या वर्षी फक्त काठ्या घ्या, पुढच्या वर्षी मूळ जातीच्या काठ्यांशेजारी एकाच दिवशी लावा आणि मग तुलना. जांभ्या जमिनीत मे अखेरीला किंवा पहिल्या पावसावर, पाणी साठणार नाही अशा वाफ्यावर. मूळ जात खात्रीची हवी तर तिरुवनंतपुरमच्या श्रीकार्यम इथल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची घ्या, १९६३ पासून त्यांचं हेच काम आहे, खाण्याच्या आणि स्टार्चच्या जाती तिथं वेगळ्या मिळतात. स्टार्चवाल्या जातीत सायनाइड जास्त असू शकतं, म्हणून प्रयोगातला कुठलाच कंद चव बघायला कच्चा तोंडात घालू नका.

आणि कुंपण घाला, भक्कम. माझ्या पहिल्या चाचणीतल्या अकरा लाईनपैकी सात रानडुकरांनी एका रात्रीत उकरल्या, नंबरच्या पाट्यांसकट, आणि कुठली झाडं उरली हे शोधायला मला परत बाटल्यांच्या रजिस्टरपासून सुरुवात करावी लागली.